रानाची वही गावात राहिली पाहिजे

माझी आत्या पाटण खोऱ्यातल्या एका लहान गावात नांदत होती. घरची जमीन म्हणजे डोंगरउतारावरचा नाचणीचा एक तुकडा. बाकी सारा संसार रानावर. चुलीला लाकूड रानातले, शेळीला पाला रानातला, पावसाळ्यात भाजी रानातली आणि घराच्या कुडाला कारवीही रानातलीच. मी मुंबईच्या चाळीत वाढलेली. मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेले की तिच्यामागून मोळीला जात असे. एकदा मी एका हिरव्या फांदीला हात घातला, तशी तिने मला मागे ओढले. "ती नको गं. तिला आत्ता फुटवा आलाय. वाळकी बघ, वाळकी!"

आत्या शाळेत गेलेली नव्हती. पण कोणते झाड तोडल्यावर पुन्हा फुटते, कोणते मरते, कोणत्या ओढ्याचे पाणी होळीनंतर आटते, कोणत्या वर्षी कारवी फुलणार, हे तिला पाठ होते.

एका वर्षी शहरातून अभ्यास करणारी मंडळी आली. आत्याने त्यांना दोन दिवस रानात फिरवले. झाडांची नावे सांगितली, कोणती साल कशावर चालते ते सांगितले, कंद उकरून दाखवले. मंडळींनी सारे वहीत लिहून घेतले, चहा घेतला आणि ती निघून गेली. त्या वहीचे पुढे काय झाले, हे गावाला कधीच कळले नाही. आणि दुसऱ्याच वर्षी मोळी आणताना आत्याचा कोयता काढून घेण्यात आला. तिला सांगण्यात आले की, तुम्ही लोक रानाचा नाश करता.

वाचक बंधू-भगिनींनो, या एका गोष्टीत सारा प्रश्न आला. जिच्याकडून माहिती घेतली, तिलाच अडाणी ठरवले. माहिती गावातून बाहेर गेली, परत आली नाही. ज्ञान काही मोजक्यांच्या कपाटात कुलूपबंद राहिले की काय होते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. रानाच्या बाबतीतही तेच घडते. रान टिकवण्याचे शास्त्र गावातल्या माणसाच्या हाती आले नाही, तर रानही टिकत नाही आणि माणूसही टिकत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली उदाहरणे घेऊन हे पाहू.

कासच्या कुंपणाची गोष्ट

साताऱ्याच्या पश्चिमेला पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार आहे. उंची सुमारे १,२०० मीटर. खाली जांभा दगड आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. एरवी पाहिले तर उघडाबोडका सडा. पण ऑगस्ट-सप्टेंबरात हाच सडा फुलांनी भरून जातो. येथे सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती नोंदल्या गेल्या आहेत. गेंद, तेरडा, सीतेची आसवे, दवबिंदू, सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी अशी किती नावे सांगावीत? तळ्यात वाढणाऱ्या वायतुरा या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात तर साताराच आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील निवडक ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत कास, कोयना आणि चांदोली ही आपली ठिकाणे आहेत.

सीतेची आसवे हे फूल दिसायला नाजूक, निळेजांभळे. पण ही वनस्पती किडे खाते! जांभ्यावरच्या मातीत नत्र फार कमी. म्हणून तिने दुसरा मार्ग काढला. जमिनीखाली तिला बारीक फुग्यांसारख्या पिशव्या असतात. ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात आणि पचवले जातात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यांना किडा चिकटतो. म्हणजे कासची फुले टिकली आहेत ती जमीन सुपीक आहे म्हणून नव्हे. उलट जमीन हलकी आहे म्हणून येथे उंच झाडे-झुडपे माजत नाहीत आणि या लहान फुलांना ऊन मिळते.

कासची कीर्ती झाली तशी गर्दी वाढली. गाड्या पठारावर चढू लागल्या, फुले पायाखाली तुडवली जाऊ लागली. मग उपाय म्हणून लोखंडी जाळीचे कुंपण घातले गेले. माणसे अडली, हे बरे झाले. पण कुंपणाने गावच्या म्हशीही अडवल्या.

पुढे काय झाले? आतले गवत उंच वाढू लागले. फुले पूर्वीसारखी दिसेनात, असे आसपासच्या गावांतले लोक सांगू लागले. त्यांचे म्हणणे साधे होते. म्हैस उंच गवत खाते, त्यामुळे बुटक्या फुलझाडाला ऊन मिळते. तिच्या शेणाने हलक्या मातीला थोडे खत मिळते. तिच्या खुराने बी मातीत दाबले जाते. वनस्पतींच्या अभ्यासकांनीही याला दुजोरा दिला. मर्यादित चराई हा या पठाराच्या जगण्याचाच भाग आहे, हे मान्य झाले आणि काही वर्षांनी कुंपण हटवण्याचा निर्णय झाला.

यातून कुणी असा अर्थ काढू नये की कितीही गुरे कुठेही सोडावीत. अति चराईने माळ उजाड होतो, हेही तितकेच खरे आहे. मुद्दा असा की गुराख्याचे निरीक्षण आणि अभ्यासकाचे शास्त्र आधीच एका ठिकाणी बसले असते, तर चूक करून शिकण्याची वेळ आली नसती.

कासचीच दुसरी बाजू आशेची आहे. कास, आटाळी, एकीव, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी पठाराची राखण हाती घेतली. पर्यटकांकडून शुल्क घेतले जाते, दिवसाला किती लोक सोडायचे याला मर्यादा घातली गेली. गावातली मुले पहारा देतात, वाट दाखवतात आणि आलेल्या पाहुण्याला फुलांची माहिती देतात. काल ज्या मुलाला फूल म्हणजे नुसते रानगवत वाटत होते, तो आज त्याचे नाव, त्याचा हंगाम आणि त्याचे कार्य सांगतो. शास्त्र गावात आले म्हणजे काय होते, ते येथे दिसते.

वणवा का लावला जातो?

कासला गुराख्याचे म्हणणे खरे निघाले. पण गावची प्रत्येक समजूत खरी असतेच असे नाही. तेथे शास्त्राने गावाला सांगायचे असते, आणि गावाने मोकळ्या मनाने ऐकायचे असते. वणव्याचेच पाहा.

फेब्रुवारी उजाडला की साताऱ्याच्या डोंगरांवर रात्री आगीच्या माळा दिसू लागतात. काही वणवे विडी-सिगारेटच्या थोटकाने लागतात, काही बांध पेटवताना हाताबाहेर जातात आणि काही जाणूनबुजून लावले जातात. का? तर जाळल्यावर गवत चांगले येते, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. समजूत पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती टिकली आहे. जळालेल्या गवताच्या राखेतून थोडे खनिज मातीला मिळते आणि कोवळे हिरवे कोंब लवकर वर येतात. डोळ्याला ते दिसते.

जे दिसत नाही ते असे. त्या आगीत हातभर वाढलेली झाडांची रोपे मरतात. पुढच्या पिढीचे रानच त्यात जळते. पालापाचोळ्याचा थर जातो, तो मातीवरचे पांघरूण असतो. जूनचा पहिला वळीव उघड्या मातीवर आदळतो आणि राख, खत, माती सारे ओढ्याने खाली जाते. पाणी जमिनीत मुरण्याऐवजी वाहून जाते. मग मार्च-एप्रिलमध्ये झरा आटला की हंडा घेऊन लांब जावे लागते, ते आमच्या आयाबहिणींना. म्हणजे वणव्याचा खरा हिशेब बाईच्या डोक्यावरच्या हंड्यात होतो.

यावर उपाय महाग नाही. हिवाळा संपता संपता रानाच्या कडेने गवत कापून मोकळी पट्टी काढायची, तिला जाळरेषा म्हणतात. आग पट्टीपाशी आली की तिला खायला काही मिळत नाही आणि ती थांबते. गवत जाळण्याऐवजी कापून गंजी घातली तर तेच गवत गुरांना उन्हाळाभर पुरते. हे शास्त्र दोन वाक्यांचे आहे. पण ते गावच्या पारावर कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे. नुसती "वणवा लावणे गुन्हा आहे" अशी पाटी ठोकून ते होत नाही.

पोळे न पिळता मध

रान राखा म्हणणे सोपे आहे. पण राखणाऱ्याच्या पोटाचे काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर महाबळेश्वर तालुक्यातील मांघर या गावात पाहायला मिळते. मे २०२२ मध्ये हे गाव 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. देशातले असे हे पहिले गाव. घरोघरी मधपेट्या आणि त्यांत सातेरी जातीच्या माश्या.

पूर्वी मध काढायचा म्हणजे धूर करून माश्या हुसकायच्या, पोळे कापायचे आणि पिळायचे. त्यात अंडी, अळ्या सारे चिरडले जाई आणि वसाहत मोडत असे. मधपेटीत लाकडी चौकटी असतात. मधाने भरलेली चौकट बाहेर काढून यंत्रात गरगर फिरवली की मध बाहेर फेकला जातो आणि मेणाचे पोळे शाबूत राहते. तेच पोळे माश्यांना परत मिळते. त्यांचे श्रम वाचतात, वसाहत टिकते.

येथे गंमत अशी की मधमाशी पाळणारा माणूस आपोआप रानाचा राखणदार होतो. जांभूळ, गेळा, हिरडा, कारवी फुलली तरच पेटीत मध. झाड तोडले तर स्वतःचेच नुकसान. शिवाय फुलावरून फुलावर जाणारी माशी परागकण नेते. त्यामुळे रानालाही बी धरते आणि शेतालाही. पुस्तकातले परागीभवन येथे महिन्याच्या मिळकतीत उतरते.

पूर्वेकडचा कोरडा माळ

साताऱ्याच्या पश्चिमेला पाऊस कोसळतो. पण तेथून सांगलीच्या पूर्व भागाकडे यावे तसतसा ढग रिकामा होत जातो. तेथे रान राखण्याचा नव्हे, रान उभे करण्याचाच प्रश्न होता.

कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या हद्दीवर सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. हे अभयारण्य निसर्गाने आयते दिलेले नाही, माणसांनी उभे केलेले आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर झाडे लावण्याचा ध्यास घेतला, लोक जमवले, वन खात्याला सोबत घेतले. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज तेथे चितळ, सांबर, काळवीट आहेत. एका सामान्य माणसाच्या चिकाटीने बोडका डोंगर हिरवा होतो, हे मुलाबाळांना नेऊन दाखवण्यासारखे आहे.

पण येथेही एक धडा आहे. हरणे वाढली, ती ऊस-ज्वारीत उतरू लागली, ही आसपासच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. निसर्गाच्या रानात गवत, गवत खाणारा आणि त्या खाणाऱ्याला खाणारा, असा तिघांचा हिशेब असतो. एक आकडा वाढला की सारा हिशेब बिघडतो. म्हणून झाडे लावून काम संपत नाही. पाणी किती, चारा किती, जनावरे किती, याची मोजणी दरवर्षी व्हावी लागते आणि ती शेजारच्या गावांना माहीत असावी लागते.

मोजणी लोकांच्या हाती आली की काय होते, त्याचे उदाहरण याच सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात आहे. येरळा नदी वाळूच्या उपशाने कोरडी पडत चालली होती. १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतले शेतकरी-कष्टकरी आणि विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र बसले. गावोगाव दुष्काळाची पाहणी केली. पाऊस किती, पाणी जाते कुठे, कोणत्या पिकाला किती लागते, याचा हिशेब लोकांसमोर मांडला. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याने ज्ञान दिले. त्यातून बळीराजा धरण उभे राहिले. बेसुमार उपशाला विरोध करणाऱ्या लोकांनीच मोजकी वाळू विकून धरणासाठी पैसा उभा केला. आणि पाणी? ते जमिनीच्या मापाने नव्हे, कुटुंबाच्या मापाने समान वाटायचे ठरले. भूमिहीनालाही त्यात वाटा! जमिनीचा काही भाग झाडांसाठी ठेवण्याचा विचारही या योजनेत होता, कारण सरपण, चारा, पालाखत हीसुद्धा घराची गरज आहे.

भूमिहीनाला पाण्याचा वाटा, ही गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. शास्त्र सर्वांसमोर मांडले गेले, म्हणून न्यायाचा प्रश्नही सर्वांसमोर आला. हिशेब बंद खोलीत झाला असता, तर वाटणीही बंद खोलीतच झाली असती.

अहवाल कपाटात, माणसे उतारावर

बंद खोलीतल्या हिशेबाचेही उदाहरण आहे, आणि ते जिव्हारी लागणारे आहे.

२०१० साली केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. अध्यक्ष होते माधव गाडगीळ. समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. कोणता डोंगर नाजूक, कुठे खाण नको, कुठे मोठे बांधकाम नको, हे त्यात सांगितले होते. निर्णय वरून लादू नका, ग्रामसभांना विचारा, हेही सांगितले होते. पण हा अहवाल अनेक महिने लोकांसमोर आलाच नाही. माहितीच्या अधिकारात मागणी झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो जाहीर झाला. तोही इंग्रजीत. ज्यांच्या डोंगराविषयी तो लिहिला होता, त्यांना त्यात काय आहे हे वाचताच आले नाही. मग ज्याला जे सोयीचे ते त्याने सांगितले. "तुमची घरे जाणार, शेती बंद होणार" अशी भीती घातली गेली आणि लोकांनीही न वाचताच विरोध केला. दोष लोकांचा म्हणावा काय?

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. झोपलेली घरे गाडली गेली, माणसे गेली. एखादा अहवाल वाचला असता तर दरड थांबली असती, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इतक्या पावसात झाडे असलेले उतारही खचतात. झाडाची मुळे वरचा थर धरून ठेवतात, खोलवर मुरलेल्या पाण्याने डोंगरच सरकू लागला तर ती पुरी पडत नाहीत. पण डोंगर बहुधा आधी काही खुणा देतो. उतारावर नवी भेग पडते. सरळ उभी झाडे, खांब कलू लागतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, किंवा नसलेल्या ठिकाणी नवा झरा फुटतो. घराच्या जोत्याला चिरा जातात, दारे अडकू लागतात. या खुणा आधी कुणाला दिसतात? मोळीला जाणाऱ्या बाईला, गुरे राखणाऱ्या पोराला. त्यांना या खुणांचा अर्थ माहीत असेल आणि त्यांचे म्हणणे ऐकणारा कुणी असेल, तर निदान माणसे वेळेवर उठून दुसरीकडे जाऊ शकतात. ज्ञान पोचणे न पोचणे यात कधी कधी जिवाचे अंतर असते, ते असे.

आपली खुर्ची रिकामी का?

आता कोणी म्हणेल, आमचे कोण ऐकणार? गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस, त्यात बाई माणूस. तर कायद्यात काय आहे ते पाहू.

१९९० साली केंद्राने आणि १९९२ साली महाराष्ट्र सरकारने संयुक्त वन व्यवस्थापनाचे धोरण स्वीकारले. गावाची समिती आणि वन खाते यांनी मिळून रान राखायचे, हा त्याचा अर्थ. २००२ साली जैवविविधता कायदा आला. त्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातल्या झाडे-वेली, पाखरे, बियाणे, औषधी यांची नोंदवही लोकांना विचारून तयार करायची असते. या समितीत महिला एक तृतीयांशापेक्षा कमी नसाव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक १८ टक्क्यांपेक्षा कमी नसावेत, असे २००४ च्या केंद्रीय नियमांनी घालून दिले होते. म्हणजे आत्याची ती वही आता गावातच असायला हवी, आणि तिच्यासारखीला समितीत खुर्ची हवी!

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात आदिवासींबरोबर 'इतर पारंपरिक वननिवासी' यांनाही हक्क आहेत. बौद्ध कुटुंबे यात येऊ शकतात. अट कडक आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या रानावर उपजीविका असल्याचे दाखवावे लागते. सरकारी कागद नसला तर? गावातल्या वडीलधाऱ्यांचा, म्हणजे दावेदाराखेरीज इतरांचा, लेखी जबाब हाही नियमांत पुरावा मानला आहे. मात्र पुरावा एकापेक्षा अधिक लागतो. म्हणून म्हातारी माणसे हयात आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घेणे, जुने दाखले, पावत्या जपून ठेवणे हे फार निकडीचे काम आहे. गावाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले रान राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्कही याच कायद्यात आहे आणि तो ग्रामसभेमार्फत मागायचा असतो.

खुर्ची कागदावर आहे. तिच्यावर जाऊन बसायचे ते आपण. ग्रामसभेच्या दिवशी पुढच्या तरुणांनी दोन प्रश्न विचारावेत. आपल्या गावची जैवविविधता समिती कोणाची आहे? आणि तिची नोंदवही कुठे आहे, आम्हाला पाहायची आहे.

एक गुंठा रान, एक दोरी, एक वही

शेवटी घरच्या घरी करण्यासारखे एक काम सांगते. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांना घेऊन करा.

एक लांब दोरी, चार खुंट्या, शिंप्याचा टेप आणि शंभर पानी वही एवढेच सामान. रानात किंवा गायरानात ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन आखा. हा बरोबर एक गुंठा झाला. चारही कोपऱ्यांना दगड रचून खूण ठेवा. आता आतली मोठी झाडे मोजा. प्रत्येकाचे नाव लिहा. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाला टेप गुंडाळून घेर लिहा. नंतर गुडघ्याएवढी रोपे मोजा. तोडलेले बुंधे मोजा. त्यांतल्या कितींना फुटवा आला तेही लिहा. नावे अडली की आजीला विचारा. ती सांगेल ते नाव लिहा, पुस्तकातले नाव नंतर शोधता येईल.

असे चार-पाच चौकोन निरनिराळ्या ठिकाणी करा आणि सरासरी काढा. समजा, गुंठ्यात सरासरी पाच रोपे मिळाली. एकरात चाळीस गुंठे, म्हणजे एकरी सुमारे दोनशे रोपे. पुढच्या वर्षी त्याच चौकोनात, त्याच महिन्यात पुन्हा मोजा. रोपे वाढली की घटली? झाडांचा घेर किती वाढला? बुंधे किती वाढले?

यावरून काय कळते? रान म्हणजे पतपेढीतली ठेव समजा. दरवर्षी झाडे जितकी वाढतात, ते व्याज. व्याजापुरतेच सरपण काढले तर ठेव कायम राहते. त्याहून जास्त काढले तर मुद्दल खर्च होते. आणि मोठी झाडे खूप, पण रोपे नाहीत, असे आढळले तर ते घरात म्हातारी माणसे आहेत पण मूल नाही, तशातली गत. आज रान दाट दिसते, पण उद्या ते राहणार नाही. मग गाव ठरवू शकते की अमुक टेकडी पाच वर्षे बंद, तमुक बाजूला फक्त वाळकी लाकडे, कारवी फुललेल्या वर्षी बी पडेपर्यंत तिला हात नाही. हा निर्णय गावाने स्वतः मोजून घेतलेला असेल, म्हणून तो पाळलाही जाईल.

मोठे वनशास्त्रज्ञ हेच करतात. त्यांच्याकडे यंत्रे जास्त असतात, पण रीत हीच. आठवी-नववीतली पोरगी हे सहज करू शकते. ती वही तिने शाळेत दाखवावी, ग्रामसभेत मांडावी, वनरक्षकालाही दाखवावी. आकडे हाती असलेल्या माणसाला "तुम्ही रानाचा नाश करता" असे म्हणणे सोपे नसते.

माझी आत्या आता नाही. तिच्या गावात गॅसच्या टाक्या आल्या, पण टाकी भरून आणायचे पैसे प्रत्येक महिन्याला नसतात. म्हणून बायका अजून मोळीला जातात. गेल्या खेपेला गेले तेव्हा तिची नात माझ्यासोबत रानात आली. एका बुंध्याला चार कोवळे फुटवे आलेले होते. मी विचारले, "हे काय झाड गं?"

"ऐन," ती म्हणाली. "आजी म्हणायची, याचे दोन ठेवायचे आन्‌ दोन काढायचे."

मी पिशवीतून एक कोरी वही काढून तिच्या हाती दिली आणि म्हटले, "हे पहिल्या पानावर लिही. आणि ही वही कुणी मागितली तर उतरवून घेऊ दे, पण वही देऊ नकोस."